नाताळच्या सुट्टीत मुळशी, आणि घाट उतरून महाड

डिसेंबर लागला की आपल्या घरांतून दरवर्षी एकच घोळ सुरू होतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेली माणसे दमलेली असतात. १ जानेवारीला भीमा कोरेगावला आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला जायची बोलणी चालू झालेली असतात. या दोहोंच्या मध्ये नाताळची सुट्टी येते. कारखान्यात साहेब सांगतात, उरलेली रजा संपवा. शाळा बंद होतात. शेजारचे कोणी महाबळेश्वरला निघते, कोणी गोव्याला. मग पोरे विचारतात, आपण कुठे जायचे?

आमच्या घरात यंदा हा प्रश्न जरा वेगळ्या तोंडाने आला. धाकट्या भावाची मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेतून येताना तिने डोक्यावर लाल टोपी घातली होती. जेवताना तिने विचारले, "मोठे पप्पा, ख्रिश्चन लोकांचा सांता असतो, आपला कोण?" आम्ही पडलो कार्यकर्ते. पंचवीस वर्षे सभांतून बोलायची सवय. घास बाजूला ठेवून आम्ही सांगितले, की २५ डिसेंबर हा आपला मनुस्मृती दहन दिन आहे, १९२७ साली या दिवशी बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. पोरीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे सुट्टीत आपण काय जाळायचं?"

भाऊ हसला. आमच्या सौ. हसल्या. भावजय मात्र हसली नाही. ती एरवी आमच्यासमोर फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "दादा, राग मानू नका. गणपती आपला नाही, दिवाळी आपली नाही, नाताळ आपला नाही, हे पोरांना पाठ झालंय. आपलं काय आहे ते कधी नेऊन दाखवणार?"

वाचकहो, हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या वाडवडिलांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जुने सण टाकले. ते टाकणे म्हणजे कणा ताठ करणे होते. पण त्यांच्या नातवंडांना त्या टाकण्याची गोष्ट तेवढी ऐकू येते. रिकाम्या झालेल्या जागेत आपण काय मांडले, याचे उत्तर जयंतीच्या मिरवणुकीपलीकडे पुष्कळ घरांत तयार नसते. आमच्याही घरात नव्हते.

भावाने स्वतःचे एक उत्तर काढून ठेवलेच होते. तो चाकणला कंत्राटी कामगार आहे. मोबाईलवर त्याने मुळशी तलावाच्या काठचे एक रिसॉर्ट पाहून ठेवले होते. दोन रात्री, चौघांचे चौदा हजार. त्यात शेकोटी, डीजे आणि नाताळचा केक. पतपेढीतून उचल घ्यायची त्याची तयारी होती. आम्ही बी.कॉम. असल्याने घरातले हिशेब आमच्याकडे येतात, म्हणून हे आम्हाला कळले. आणि कळले ते दुसरेच काही. त्या रिसॉर्टपासून भावजयीचे माहेर जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर आहे. लग्नाला दहा वर्षे झाली, पण पहिल्या वर्षानंतर भाऊ तिथे मुक्कामाला राहिलेला नाही. सकाळी जायचे, जेवायचे, संध्याकाळी परत. कारण काय, तर तिथे थंडी फार, संडास घराबाहेर, मुलांची गैरसोय. तलावाकाठी तंबूत झोपायला चौदा हजार द्यायची तयारी आणि सासऱ्याच्या घरात फुकट झोपायला नाही! भावजय काही बोलली नाही, पण त्या दिवशीच्या तिच्या बोलण्यामागे हेही होते, हे आमच्या सौ.नी रात्री आम्हाला समजावून सांगितले. बायकांना या गोष्टी लवकर कळतात.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. ओळखीच्या माणसाची आठ माणसांची गाडी दोन दिवसांसाठी, डिझेलसह सात हजार. वाटेतले खाणे, वर किरकोळ. भावजयीच्या माहेरी मुक्काम. तिथून ताम्हिणी घाट उतरून महाड. भावाने थोडी कुरकूर केली. "दादा, मी वर्षभर मशीनवर उभा असतो, मला सुट्टीत पण मेळाव्याला नेणार का?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आम्ही कबूल केले, की भाषण करणार नाही. (हे वचन आम्ही पूर्ण पाळले नाही.)

२५ डिसेंबरला सकाळी पहिले गेलो ते देहूरोडला. आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. १९५४ साली बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतले आणि २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडच्या विहारात आपल्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. त्या दिवशी तिथे मोठी गर्दी असते, पांढऱ्या साड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. पुतणीने मेणबत्ती लावली. आम्ही तिला एवढेच सांगितले, की आज आपल्याकडे पण वाढदिवसासारखेच काहीतरी आहे. तिने विचारले, "केक?" भावजयीने तिच्या हातावर खिरीचा द्रोण ठेवला.

तिथून हिंजवडी, माण, घोटावडे असे करत पौडला आलो. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातच येते, हे अनेकांना ठाऊक नसते. काचेच्या इमारती, त्यांच्या पायथ्याशी टपऱ्या, आणि अर्ध्या तासाने भाताची खाचरे. पौड हे तालुक्याचे ठिकाण. पौडच्या बाजारात आम्ही भाजी, फरसाण आणि भावजयीच्या आजीसाठी एक गरम शाल घेतली. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या. फार्म हाऊस, प्लॉट, व्हिला, तलावाचे दृश्य हमखास. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' नावाचा मराठी चित्रपट आला होता, जमिनी विकून वाऱ्यावर गेलेल्या पोरांचा. त्या पाट्या पाहिल्या की तो चित्रपट कुठून आला ते समजते. ज्यांच्याकडे विकायला जमीनच नव्हती त्यांच्यावर अजून चित्रपट यायचा आहे.

धरण पाहून मुले गप्प झाली. एवढे पाणी त्यांनी पाहिले नव्हते. डिसेंबरात तलाव चांगला भरलेला असतो. डोंगरांच्या बोटांमधून पाणी आत आत गेलेले दिसते. गवत वाळून सोनेरी होते आणि हवा इतकी स्वच्छ की पलीकडच्या काठावरची गुरे मोजता येतात. भावाने मोबाईल काढून फोटो घेतले. रिसॉर्टचे दुःख तो इथे थोडे विसरला असावा.

या पाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. मुळा नदीवर टाटा कंपनीने हे धरण बांधले. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. पाणी पुण्याकडे सोडायचे नाही, तर बोगद्याने सह्याद्री फोडून पलीकडे कोकणात, भिऱ्याला खाली टाकायचे आणि तिथे वीज करायची, अशी ही योजना. खोऱ्यातली पन्नासच्या वर गावे त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट पुढे होते, त्यांना 'सेनापती' हे नाव इथूनच मिळाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. लोक तुरुंगात गेले, बायकाही गेल्या. पण जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचा मोठा हात होता आणि त्यांचा कल भरपाई घेऊन मोकळे होण्याकडे होता. १९२४ च्या अखेरीस आंदोलन मोडले. बापटांनी कामाची रेल्वेगाडी अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, ते १९३१ ला सुटले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो २००९ साली निघाला. त्यांनी या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

आणि धरण पुरे झाले कधी? १९२७ साली. भिऱ्याचे वीजघर चालू झाले तेही १९२७ साली. घाटाच्या वर हे पाणी अडले गेले, आणि त्याच वर्षी घाटाखाली, इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे ओंजळभर पाण्यासाठी मार खात होती. आम्ही इतकी वर्षे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगत आलो. एका नकाशावर कधी पाहिल्या नव्हत्या.

आणखी एक. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आपले हजारो लोक त्या गिरण्यांत राबले, चाळींत वाढले. पण कापड विणायच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होईल म्हणून. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठासून मांडला. मुळशीचे पाणी, मुंबईचे माग, आणि त्या मागाला हात लावायची बंदी. गाडीत बसून आम्ही हे सांगत होतो तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, भाषण सुरू झालं." आम्ही थांबलो.

भावजयीचे माहेर रस्त्यापासून आत, डोंगराच्या उतारावर आहे. वीस-बावीस घरांची वस्ती. अंगणात पेंढ्याची उडवी, दारात जात्याचा तुटका पाट, ओट्यावर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. तिचे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, गाडी दिसताच धावत आले. जावई मुक्कामाला राहणार आहे, हे त्यांना खरेच वाटेना. त्यांनी दोनदा विचारले, "उद्यापर्यंत ना? नक्की ना?" भावाने मान खाली घातली. आम्हाला वाटते, त्याला त्या क्षणी जे समजायचे ते समजले. पुढे त्याला कोणी काही सांगावे लागले नाही.

रात्री तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, वालाचे कालवण आणि यंदाच्या आंबेमोहोराचा भात. भाताचा वास अंगणापर्यंत. अंगणात शेकोटी पेटली. वस्तीतली दहा-बारा पोरे जमली. पुतणीने त्यांना लाल टोपी दाखवली, ती टोपी मग सगळ्यांच्या डोक्यावरून फिरली आणि शेवटी तात्यांच्या बैलाच्या शिंगावर अडकली. केवढे हसली मुले! डीजे नव्हता. एका पोराने डबा वाजवला, त्यावर भीमगीते झाली. आमचा भाऊ नाचला. आम्ही त्याला लग्नानंतर प्रथमच नाचताना पाहिला.

तात्या म्हणाले, "आमच्या वस्तीवर लाईट आली तवा मी लग्नाचा झालतो. धरण समोर, आन् घरात चिमणी." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तलावातली कटला मासळी कशी लागते, हे सांगावे तशा आवाजात त्यांनी हे सांगितले.

भावजयीच्या आजीचे वय पंच्याऐंशीच्या आसपास असेल. कंबरेत वाकली आहे, कान मात्र तिखट. शाल अंगावर घेऊन ती शेकोटीशी बसली होती. ती अचानक नातीला म्हणाली, "सकाळी मला पान्यावर नेशील का? पोरं कुनी नेत न्हाईत." तात्यांनी लगेच अडवले. "आई, त्या वाटंला आता तारेचं कुंपण हाय." आजी ऐकेना. विचारल्यावर समजले, की तिच्या सासरचे मूळ गाव तलावाच्या पोटात आहे. तिची सासू त्या गावात लहानपणी लग्न होऊन आली आणि दोनेक वर्षांतच पाणी आले. महारवाडा सर्वांत खाली नदीजवळ, म्हणून पहिला तोच बुडाला. वतनाची जमीन होती थोडी, तिचे काय मिळाले, कोणाला मिळाले, ते आजीला माहीत नाही. सासूने मरताना सांगितले होते, की खाली आपले खळे आहे, दरसाल नवे भात आले की मूठभर तिथे टाकत जा.

आता आम्ही जरा चमकलो. आमच्या मनात आले, हे नैवेद्य दाखवणे तर नव्हे? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात? कार्यकर्त्याची खोड. आम्ही विचारलेच, "आजी, खाली कुठली देवी होती का?" आजीने आमच्याकडे पाहिले. म्हणाली, "देवी असंल, आमाला कुठं शिवू देत व्हती? मी सासूला भेटाया जाते." त्यानंतर आम्ही बराच वेळ शेकोटीत काटक्या सारत बसलो.

सकाळी सात वाजता निघालो. थंडी अशी की तोंडातून वाफ. तलावावर धुके कापसासारखे पडून होते. भावाने आजीला पाठुंगळी घेतले. कोणी सांगितले नव्हते. पाऊण किलोमीटर उतरल्यावर खरेच कुंपण आले. एका बंगल्यांच्या वसाहतीचे. जुनी पायवाट त्याच्या आत शिरत होती. फाटकावर पाटी, परवानगीशिवाय प्रवेश नाही. आणि पाणी पलीकडे पन्नास पावलांवर.

भाऊ थांबला. आम्ही खिशातून ओळखपत्र काढू लागलो. सरकारी कारकुनाला वाटते की कार्डाने सगळी फाटके उघडतात. एवढ्यात रखवालदाराचे पोरगे बाहेर आले, कानाला मफलर. तो वस्तीच्या पलीकडच्या गावचाच निघाला. त्याने आजीला ओळखले. "आजी, तू हायेस व्हय! साहेब लोक झोपल्यात. ये, पर लवकर ये." त्याने फाटक उघडले. आम्ही सगळे आत गेलो, हळू पावलांनी, चोरासारखे. आमच्या सौ. नंतर म्हणाल्या, की आपल्याच गावच्या पाण्याकडे जाताना चपलांचा आवाज होऊ नये म्हणून मी जपत होते, आणि त्याचा मला राग आला.

आजीने पदराची गाठ सोडली. मूठभर भात होते, सालासकट. तिने ते पाण्यात सोडले. दाणे जरा तरंगले आणि काठाच्या लाटेबरोबर परत आले, तिच्या पायाशी. तिने ते पुन्हा ढकलले. पुतणी शेजारी उकिडवी बसली आणि तिनेही ढकलायला हात लावला. मग, तिला काय वाटले कोण जाणे, तिने हात जोडून शाळेतली प्रार्थना म्हणावी तसे त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. तिला आईने शिकवले आहे. आम्ही मागून म्हटले. रखवालदाराच्या पोराने मफलर काढला आणि तो फाटकाशी उभा राहिला. तो आपल्यातला नव्हता. पाच मिनिटे, फार तर सहा. मग आम्ही परत आलो. त्याला भावाने शंभराची नोट देऊ केली, ती त्याने घेतली नाही.

प्रतिज्ञेत हे बसते की नाही, यावर आम्ही अजून विचार करतो. कोणी जाणकार उपासकाने सांगितले तर ऐकून घेऊ. पण त्या सकाळी आजीला थांबवायला आमच्यापाशी तोंड नव्हते.

नऊ वाजता तात्यांचा निरोप घेऊन ताम्हिणीकडे निघालो. त्यांनी गाडीत दहा किलो तांदूळ टाकला. पावसाळ्यात या घाटात धबधब्यांखाली भिजायला पुण्याची झुंबड उडते, डिसेंबरात तो शांत असतो. दाट झाडी, अधूनमधून उन्हाचे कवडसे. शेकरू, म्हणजे मोठी तांबडी खार, या रानात असते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी तोच. आम्हाला तो दिसला नाही, पण भावाच्या तीन वर्षांच्या पोराने प्रत्येक माकडाला शेकरू ठरवले. घाट उतरताना स्वेटर एकेक करून निघाले. खाली कोकणात उकडत होते. वर धुके आणि खाली घाम, हे मुलांना फार नवलाचे वाटले.

निजामपूर, माणगाव, आणि मग मुंबई-गोवा महामार्ग. महाडच्या अलीकडे दासगाव लागते. इथे आम्ही गाडी थांबवायला लावली. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. मोटारवाले ऐन वेळी नकार देतील म्हणून धरमतरचा मार्ग त्यांनी सोडला होता. ते दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. आम्ही खाडीच्या दिशेने बोट दाखवून सांगितले. पुतणी म्हणाली, "म्हणजे बाबासाहेब पण सुट्टीत बोटीतून फिरायला आले होते?" आम्ही हो म्हणालो. ते सोपे होते, आणि तेवढ्यापुरते खोटेही नव्हते.

महाडला दुपारी पोहोचलो. आदल्या दिवशीची गर्दी ओसरली होती. निळ्या पताका अजून होत्या, झाडूवाल्या बाया रस्ता झाडत होत्या. क्रांतिस्तंभाजवळ आम्ही मुलांना थोडक्यात सांगितले. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले झाल्याचा ठराव केला, आणि तरी कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग मारहाण झाली, नंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर मंडपाला कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्माने ब्राह्मण होते. हे नाव आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. तळ्यावर कोर्टाची मनाई होती म्हणून त्या वेळी बाबासाहेबांनी लोकांना समजावून सत्याग्रह पुढे ढकलला. कोर्टातला दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. भाऊ म्हणाला, "दहा वर्षं? एका तळ्यासाठी?" तो आमच्या कंत्राटी कामगारांच्या केसची आठवण काढत होता. ती सातव्या वर्षात आहे.

चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. मध्ये बाबासाहेबांचा पुतळा. पाणी हिरवट. पुतणी सरळ खाली उतरली आणि ओंजळ भरली. तिची आई ओरडली, "पिऊ नको, पोट बिघडेल!" पोरीने ओंजळ तशीच धरून विचारले, "बाबासाहेब प्याले ना?" आम्हा चौघा मोठ्या माणसांना उत्तर सुचेना. शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, "बाळ, तोंडाला लाव आणि सोडून दे." तिने ओठ लावले, ओंजळ तळ्यात सोडली आणि फ्रॉकला हात पुसले. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "मोठे पप्पा, इथे फाटक उघडायला कोणाला सांगावं लागलं नाही." तहान सगळ्यांनाच लागली होती. आम्ही समोरच्या दुकानातून वीस-वीस रुपयांच्या दोन बाटल्या पाणी घेतले. चवदार तळ्याच्या काठावर पाणी विकत घेऊन पिताना फार चमत्कारिक वाटले, ते इथे लिहून टाकतो.

परतीला घाट चढेपर्यंत अंधार झाला. मुले झोपली. मुळशीच्या काठाने येताना पलीकडे रिसॉर्टांचे दिवे पाण्यात पडले होते, गाण्यांचा आवाज येत होता. भावाने त्या दिशेला एकदा पाहिले आणि भावजयीला म्हणाला, "मे महिन्यात पाणी आटलं की खळं दिसेल का गं?" ती म्हणाली, "आजीला विचारते." तिने तिथेच फोन लावला.

हिशेब सांगतो, कारण अनेकजण विचारतील. गाडी ७०००, खाणे आणि चहापाणी १८६०, शाल ४५०, वाटेतली भाजी-फरसाण ३९०, मेणबत्त्या, पुस्तके आणि किरकोळ ५२०, पाणी ४०. एकूण १०,२६०. मोठी माणसे चार, लेकरे दोन. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव सुमारे १०० किलोमीटर, तिथून महाड अर्ध्या-पाऊण तासावर. २५ तारखेला महाडला आणि देहूरोडला गर्दी असते, तान्ही मुले असतील तर २६ बरी. घाटात रात्री उशीर करू नये, हॉटेले तुरळक आहेत. मुळशीला स्वेटर, कानटोपी न्यावी, कोकणात उतरल्यावर ते काढून ठेवायला एक जादा पिशवी. तांदूळ घ्यायचा असेल तर रस्त्यावरच्या दुकानातून न घेता वस्तीवर जाऊन घ्यावा, चार पैसे तिथे पोहोचतात.

लाल टोपी तात्यांच्या गोठ्यातच राहिली. पुतणीने ती परत मागितलेली नाही.